पीटरबरोची बोट-लिफ्ट: आई-बाबांना न्यायच्या आधी हे वाचा

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरी देशातून पाहुणे आले की पहिले पंधरा दिवस सोपे जातात. नायगारा होतो, सीएन टॉवर होतो, कुणाकडे तरी गणपती किंवा हळदीकुंकू होतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र बाबा सोफ्यावर बसून तोच तो पेपर मोबाइलवर तिसऱ्यांदा वाचू लागतात आणि आई फ्रीज पुसायला घेते. तेव्हा ही जागा कामी येते.

टोरांटोपासून ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर पीटरबरो नावाचं शहर आहे. तिथे कालव्यातल्या होड्या, पाण्यासकट, वीस मीटर उचलणारी लिफ्ट १९०४ पासून चालू आहे. मी तिथे तीनदा गेलो. पहिल्यांदा फजिती झाली, दुसऱ्यांदा बोटीतून लिफ्टमध्ये बसलो, तिसऱ्यांदा मित्राबरोबर कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन गेलो. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी कृष्णा कालव्याच्या परिसरात गेली, त्यामुळे कालवा म्हटलं की ते ऐकून घेत नाहीत, तपासून घेतात. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांच्या प्रश्नांमुळे मला कळलं.

१. आधी तारीख बघा, मग बाकी सगळं

हीच आमची पहिली फजिती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात झाडांचे रंग बघायला निघालो होतो, म्हटलं जाता जाता लिफ्टही बघू. पोचलो तर सगळं सामसूम. दारं बंद, टाक्या जागच्या जागी, माणूस नाही. बाबांनी भिंतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हलत नाही ती लिफ्ट कसली? हा तर बुरूज झाला."

हा कालवा, म्हणजे ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग, फक्त बोटींच्या हंगामात चालतो. मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला सुरू होतो आणि ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सोमवारपर्यंत चालतो. थँक्सगिव्हिंग इथलं, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारचं. अमेरिकेतलं नोव्हेंबरचं नव्हे. हंगामाच्या दोन्ही टोकांना, विशेषतः सोमवार ते गुरुवार, वेळ कमी असतो आणि लिफ्ट दुपारीच आटपते. त्या दिवशीच्या वेळा पार्क्स कॅनडाच्या (हा कालवा चालवणारं सरकारी खातं) संकेतस्थळावर बघूनच घरातून निघा.

माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमधला शनिवार सगळ्यात चांगला. गर्दी असते, पण इथे गर्दी हवीच. होड्या आल्या नाहीत तर लिफ्ट हलणार कशी? मंगळवारी सकाळी शांतता मिळेल म्हणून गेलात, तर शांतताच मिळेल.

२. जायचं कसं

गाडीने: हायवे ४०१ ने पूर्वेला आणि मग ३५/११५ ने उत्तरेला. साधारण पावणेदोन तास. दोन सापळे आहेत. एक म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. अर्धं टोरांटो तेव्हा कॉटेजकडे निघालेलं असतं आणि रविवारी संध्याकाळी तेच सगळे परत येतात. त्यामुळे शनिवारी सकाळी आठच्या आत निघा. दुसरा सापळा हायवे ४०७. नकाशा "वीस मिनिटं वाचतील" म्हणून मोह घालतो, पण त्याच्या ४०७ ईटीआर या भागावर टोल आहे. नाका दिसत नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल नंतर येतं. भाड्याची गाडी असेल तर टोलवर कंपनीचं शुल्कही चढतं.

गाडी नसेल तर: लेकशोर ईस्टची गो ट्रेन पकडून ओशवाला उतरा आणि तिथून ८८ नंबरची गो बस घ्या. तिकिटाला प्रेस्टो कार्ड चालतं. पीटरबरोच्या मध्यवस्तीत उतरलात की लिफ्ट दोनेक किलोमीटर. हंटर स्ट्रीटच्या काँक्रीटच्या कमानी पुलावरून ऑटोनाबी नदी ओलांडायची आणि सरळ पूर्वेला चालत राहायचं. बस काही दर दहा मिनिटांनी नाही, त्यामुळे परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा. आणि हॉटेल करणार असाल तर बुकिंग करताना देश वाचा. इंग्लंडमध्येही एक पीटरबरो आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने तिथली खोली राखून ठेवली होती.

शेवटी हंटर स्ट्रीट एका अरुंद बोगद्यातून जातो. तो बोगदा म्हणजे लिफ्टचंच पोट, तुमच्या डोक्यावरून कालवा जात असतो. गाडीतल्या मंडळींना हे आधी सांगून ठेवा, मजा येते.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रांची फार भानगड नाही.

– गाडी चालवणाऱ्याचा परवाना. ऑन्टारिओत तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी आलेल्या पाहुण्याला मायदेशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तुम्ही कायमचे राहायला आला असाल तर हीच सवलत फक्त ६० दिवसांची आहे. विद्यार्थी मित्रांनो, "अजून पाहुणाच आहे मी" हे पोलिसाला सांगून भागत नाही.
– बोटफेरीचं आरक्षण, फोनमध्ये.
– पाहुण्यांच्या प्रवासविम्याची प्रत. लागू नये, पण पायऱ्या आहेत, पाणी आहे आणि बाबा ऐकत नाहीत.
– टोपी, पाणी, पातळ जाकीट. लिफ्ट वर गेली की वारा लागतो.
– जूनमध्ये जात असाल तर डासांचं औषध. ओडोमॉस पुरत नाही, इथलंच घ्या.
– दशम्या, चटणी, जे काय असेल ते. हिरवळीवर बसायला भरपूर जागा आहे आणि शाकाहारी माणसाने आपला डबा आणलेला केव्हाही बरा.

ड्रोन घरी ठेवा. ही राष्ट्रीय ऐतिहासिक जागा आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

४. बोटीत बसण्याआधी खाली उभं राहून दोन खेपा बघा

बहुतेक लोक येतात, लिफ्टसमोर फोटो काढतात आणि आइस्क्रीम खायला जातात. तसं करू नका. खाली उभं राहून एक टाकी वर आणि एक खाली, अशा निदान दोन खेपा बघा. नाहीतर बोटीत बसल्यावर आपल्याला काय होतंय तेच कळत नाही.

समोर काँक्रीटचे तीन प्रचंड मनोरे आहेत. त्यांच्या मधल्या दोन खाचांत दोन लोखंडी टाक्या. प्रत्येक टाकी १४० फूट लांब, ३३ फूट रुंद, आत साधारण १,३०० टन पाणी. टाकी कसली, दारं लावलेला कालव्याचा तुकडाच. प्रत्येक टाकीखाली साडेसात फूट व्यासाचा एकेक दट्ट्या आहे, तो जमिनीतल्या खोल नळकांड्यात वरखाली होतो. दोन्ही नळकांडी पाण्याने भरलेली आणि खालून एका नळाने जोडलेली. त्या नळावर एक झडप.

आता तराजू आठवा. दोन्ही पारडी सारखी, तर काटा स्थिर. एका पारड्यात थोडं जास्त टाकलं की ते खाली आणि दुसरं वर. इथेही तेच. वरची टाकी वरच्या कालव्याच्या पातळीपेक्षा मुद्दाम फूटभर खाली थांबवतात. दार उघडलं की वरच्या कालव्यातून फूटभर जादा पाणी तिच्यात शिरतं. मग होड्या आत येतात, दारं बंद होतात, झडप उघडते. जड टाकी खाली येऊ लागते, तिच्या दट्ट्याखालचं पाणी नळातून पलीकडे ढकललं जातं आणि हलकी टाकी वर जाते. उचलायला ना इंजिन, ना वीज. वर-खाली जाण्याचा प्रत्यक्ष वेळ जेमतेम दीड-दोन मिनिटांचा, सगळा सोपस्कार धरून पंधरा मिनिटं.

बाबांनी तिथेच बाकावर हिशेब मांडला. १४० गुणिले ३३ गुणिले एक फूट, म्हणजे ४,६२० घनफूट. घनफुटाला अठ्ठावीस लिटर. "एक लाख तीस हजार लिटर. म्हणजे एकशे तीस टन. एवढ्या जादा वजनावर हे सगळं चालतं." मग जरा थांबून: "आणि खेपेला पाणी जातं ते फक्त फूटभर. साधं लॉक असतं तर पासष्ट फूट पाणी खाली सोडावं लागलं असतं." (लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद. पाणी भरलं की होडी चढते, सोडलं की उतरते.) आयुष्यभर आवर्तनांचे हिशेब केलेल्या माणसाला या गोष्टीचं किती कौतुक वाटलं ते मी सांगू शकत नाही. मला तोवर फक्त उंची दिसत होती.

पाहुण्यांना हमखास पडणारा प्रश्न: एका टाकीत चार बोटी आणि दुसरी रिकामी असेल तर तोल जाणार नाही का? नाही जात. होडी आत शिरली की स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. दार उघडं असतं, पाणी कालव्यात परत जातं, टाकीचं वजन तेवढंच राहतं. शाळेत आर्किमिडीज पाठ केला होता, डोळ्यांनी इथे बघितला.

हे सुचलं रिचर्ड बर्डसॉल रॉजर्स या इथल्याच इंजिनिअरला. अगदी नवी कल्पना नव्हती. इंग्लंडात अँडर्टनला १८७५ पासून अशी लिफ्ट होती, पुढे फ्रान्स आणि बेल्जियममध्येही झाल्या. रॉजर्स १८९६ मध्ये युरोपात जाऊन त्या बघून आला आणि त्याने त्यांच्याहून उंच बांधली: ६५ फूट, म्हणजे १९.८ मीटर. तीही दगडी चिरेबंदी नाही, तर काँक्रीटची, आणि त्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नाहीत. तेव्हाच्या मानाने धाडसच. ९ जुलै १९०४ ला उद्घाटन झालं. दोनच वर्षांत चौकशी अहवालात त्याच्या कामावर टीका झाली आणि १९०६ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याचं बांधकाम अजून उभं आहे, हंगामात रोज चालतं. बाबा एवढंच म्हणाले, "खातं कुठलंही असो."

वर जायला बाजूने पायऱ्या आहेत. गुडघे बरे असतील तर चढा. वरून कालवा शेवटपर्यंत भरलेला दिसतो आणि एकदम तुटतो, तिथे पुढे नुसती हवा.

५. आता बोटीत बसा

स्वतःची बोट नसेल (कुणाची असते?), तर शहराच्या मधोमध लिटल लेक आहे. तिथल्या धक्क्यावरून हंगामात फेरीबोटी सुटतात. साधारण दोन तासांत बोट आधी ॲशबर्नहॅमच्या साध्या लॉकमधून, म्हणजे २० नंबरमधून चढते, मग कालव्याने २१ नंबरवर, म्हणजे या लिफ्टवर येते, वर जाते आणि परत फिरते. एका फेरीत दोन्ही प्रकार बघायला मिळतात. शनिवार-रविवारची तिकिटं संपतात, आधी काढा आणि अर्धा तास आधी पोचा. गाडी लिफ्टपाशी लावून "इथूनच बसू" म्हणू नका. बोट तळ्याच्या धक्क्यावरून सुटते. आम्ही दुसऱ्यांदा ही चूक केली आणि आईला साडी सावरत पळायला लागलं.

जागा धरायची तर पुढच्या टोकाला. वर जाताना विशेष काही जाणवत नाही, भिंती खाली सरकतायत असं वाटतं. वर पोचल्यावर मात्र पाठीमागे बघा. टाकीच्या दाराच्या काठापर्यंत पाणी आणि त्यापलीकडे वीस मीटर खाली शहर. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की खूण उमटली.

६. कालव्याकाठी चाला

लिफ्टपासून ॲशबर्नहॅम लॉकपर्यंत कालव्याच्या काठाने किलोमीटरभर सपाट वाट आहे. वयस्कर माणसांनाही झेपते. लॉकवर थोडं थांबा. लॉकाच्या आधी धक्क्यावर निळी रेघ दिसेल. त्या रेघेपाशी बांधलेली बोट म्हणजे "मला पलीकडे जायचंय" असा निरोप, कुणाला हाक मारावी लागत नाही.

तिथून जवळच, तळ्याच्या काठी, कॅनेडियन कनू म्युझियम आहे. सहाशेहून जास्त होड्या: झाडाच्या सालीच्या, एकाच ओंडक्यातून कोरलेल्या, कातड्याच्या. हे संग्रहालय मे २०२४ मध्ये नव्या इमारतीत आलं. जुन्या लेखांत मोनॅहन रोडचा पत्ता असतो, त्यावर गेलात तर गावाच्या भलत्या बाजूला पोचाल.

इथे जरा वेळ काढाच, कारण कालव्याची गोष्ट रॉजर्सपासून सुरू होत नाही. या जागेचं इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांनी ठेवलेलं नाव नोगोजिवानाँग, म्हणजे खळाळाच्या शेवटची जागा. नदीचा खळाळ संपतो तिथे होडी पुन्हा पाण्यात टाकायची, म्हणून हे नाव. पुढे कालव्यासाठी बंधारे घातले, तळ्यांची पातळी वाढली आणि त्यांचं मनोमिन, म्हणजे पाण्यात आपसूक उगवणारा जंगली तांदूळ, कितीतरी ठिकाणी बुडाला. धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत आपण वाढलोय, हे समजायला आपल्याला वेळ लागू नये.

बाबांचा एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत होता: "एवढा कालवा, पण पाटचाऱ्या कुठे आहेत? शेतं कुठे भिजतात?" नाही भिजत. ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग ३८६ किलोमीटरचा, लेक ऑन्टारिओला जॉर्जियन बेशी जोडणारा, फक्त होड्यांसाठी. बॉबकेजनला १८३३ मध्ये पहिलं लॉक बांधायला घेतलं आणि आरपार वाहतूक १९२० मध्ये सुरू झाली. तोवर माल रेल्वेने जाऊ लागला होता. आता इथे सुट्टीतल्या बोटी फिरतात. बाबांना हे पटलं नाही, पण डबा उघडल्यावर विषय बदलला.

७. दिवस उरला असेल तर

सायकल असेल तर रोटरी ग्रीनवे ट्रेल धरा. जुन्या रेल्वेच्या वाटेवरचा हा रस्ता ट्रेंट युनिव्हर्सिटीवरून लेकफिल्डला जातो. वाटेत नदीवर २२ नंबरच्या नासाऊ मिल्सपासून एकामागून एक लॉक आहेत. तिथे कर्मचारी दांडा ढकलत गोल फिरतात आणि दार उघडतं, घाण्याच्या बैलासारखं. मुलांना हे लिफ्टपेक्षाही आवडतं.

गाडी असेल तर साधारण सव्वा तासावर कर्कफिल्ड गाठा. तिथे ३६ नंबरची दुसरी बोट-लिफ्ट आहे, १९०७ ची. उंचीने कमी, पण काँक्रीटचे मनोरे नाहीत, पोलादी सांगाडा उघडा आहे. दट्ट्या कसा वर येतो ते इथेच नीट दिसतं. गर्दी अगदी कमी, खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नाहीच. यंत्र आवडणाऱ्या माणसाला न्या, बाकीच्यांना पीटरबरोत आइस्क्रीमवर सोडा. कावार्था डेअरी इथल्या भागातलीच, बॉबकेजनची, १९३७ पासूनची.

८. स्वतः वल्हवत जायचं असेल तर

कनू भाड्याने मिळते आणि लिफ्टमधून नेताही येते. कनूला परवाना लागत नाही. मोटरबोट चालवायची तर बोटचालकाचं कार्ड लागतं, किंवा भाड्याने देणारे सुरक्षेची यादी समजावून सही घेतात. तो कागद बोटीत ठेवा. होडीत जितकी माणसं तितकी लाइफ जाकिटं, हा कायदा आहे. मुलांना ती घालूनच बसवा, बुडाखाली घेऊन नव्हे.

निळ्या रेघेपाशी थांबा, हिरवा दिवा लागला की आत जा. मोठ्या बोटी आधी जातील, त्यांच्यामागून तुम्ही. आत गेल्यावर कडेच्या कठड्याला धरून राहा, कुणी उभं राहू नका. मोटरबोटीवाल्यांनी इंजिन बंद करायचं. सिगारेट नाही. लॉकजवळ पोहायचं नाही, पाण्याला दिसत नसलेली ओढ असते.

पहिल्यांदा वल्हवणाऱ्यांनी सकाळी निघावं. दुपारनंतर लिटल लेकवर वारा सुटतो, आणि आम्ही दोघं वीस मिनिटं जीव तोडून वल्हवत एकाच झाडासमोर होतो.

हिवाळ्यात जाणं झालं तर लिफ्ट हलणार नाही, पण थंडी पुरेशी पडली की लिफ्टच्या पायथ्याशी गोठलेल्या कालव्यावर शहर स्केटिंगला परवानगी देतं. बर्फ खुला असल्याची पाटी दिसल्याशिवाय पाय टाकू नका. बाबांना पुढच्या खेपेला तेही बघायचंय, म्हणाले, "कालव्यावर चालायची सवय आहे मला, फक्त काठानं."